गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवताना : वीजबिलापासून नेट मीटरपर्यंत

सोलरची चौकशी बहुतेक घरांत ‘कुठल्या कंपनीचं पॅनल घ्यावं?’ या प्रश्नापासून सुरू होते. खरं तर तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या पॅनलांत फरक थोडा असतो. काम नीट पार पडेल का, हे ठरतं वीजबिल कुणाच्या नावावर आहे यावर, सावलीवर, लोखंडी सांगाड्यावर आणि अर्थिंगवर. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरण घेतलंय ३ किलोवॅटचं, महावितरणच्या वीजजोडणीला जोडलेलं, बॅटरीशिवायचं. चौकोनी कुटुंबाच्या घराला साधारण हेच लागतं आणि अनुदानाची रचनाही याच मापाला सगळ्यांत अनुकूल आहे.

आधी बिल हातात घ्या

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा. महाराष्ट्रात नीट बसवलेलं १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. कोकणात पावसामुळे थोडं कमी धरा. वर्षाच्या युनिटला १,४०० ने भागलं की किती किलोवॅट हवं ते कळतं. वर्षाला ३,९०० युनिट लागत असतील तर उत्तर येतं २.८, म्हणजे ३ किलोवॅट. पुढच्या वर्षी एसी घ्यायचा किंवा विजेची स्कूटर यायची असेल तर ती युनिट आत्ताच मिळवा. नंतर एकदोन पॅनल वाढवायचं म्हटलं की इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र), मंजुरी, सगळं पुन्हा करावं लागतं.

महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटच वापरणाऱ्या घरानं घाई करू नये. त्यांचं बिल सगळ्यांत स्वस्त टप्प्यातलं असतं आणि पैसे वसूल व्हायला बराच काळ जातो. वरच्या टप्प्यांत जाणाऱ्यांचा फायदा मोठा, कारण सोलर आधी त्यांची महाग युनिट कापतं. बिल मात्र पूर्ण शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

आता त्याच बिलावर नाव वाचा. अर्ज अडकण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच असतं. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली, अर्ज नातवाचा, बँकखातं सुनेचं. अनुदान वीजग्राहकाच्या खात्यात येतं, त्यामुळे बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकखात्यावरचं नाव जुळायला हवं. जुळत नसेल तर आधी महावितरणकडे नावात बदल करून घ्या. थकबाकी असेल तर तीही आधीच भरा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सोसायटीची आहे. तिच्यावर पॅनल लावायचा हक्क लेखी हवा. तोंडी ‘लावा, काय हरकत आहे’ पुरेसं नाही, कारण पॅनलचं आयुष्य २५ वर्षांचं असतं आणि तेवढ्या काळात कमिट्या बदलतात. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीला स्वतंत्र अनुदान आहे. ते किलोवॅटमागे १८,००० रुपये.

गच्ची पाहा, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला

३ किलोवॅटसाठी ५४० वॅटची ६ पॅनल लागतात. एक पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट, वजन २८ ते ३० किलो. पॅनलांखालची जागा पावणेदोनशे चौरस फुटांच्या आत बसते. पण मधून फिरायला, पुसायला आणि सावली टाळायला मोकळी जागा धरून ३०० चौरस फूट हिशेबात घ्या.

सावलीकडे बहुतेक जण दुपारी बाराला गच्चीवर जाऊन बघतात आणि फसतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, सावल्या आखूड असतात. खरी परीक्षा डिसेंबरमध्ये असते. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि सकाळी नऊच्या सूर्यवेळेला तर जेमतेम २९ अंशांवर. त्या वेळी कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपटीहून थोडी लांब पडते. म्हणून पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत यांच्यासाठी सोपा ठोकताळा असा : पॅनलच्या खालच्या कडेपासून अडथळा जितका वर जातो, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. समोरचा दक्षिणेकडचा कठडा किंवा पॅनलची पुढची रांग असेल तर दीडपट पुरतं. कठडा ३ फूट, पॅनलची खालची कड १ फुटावर. फरक २ फूट, म्हणजे ३ फूट मागे या.

सावली छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. पॅनलमधल्या सेल एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका सेलवर पूर्ण सावली पडली की ती प्रवाह अडवते. मग बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला बाजूनं वाट देणारा छोटा भाग, चालू होऊन पॅनलचा तो हिस्साच वगळला जातो. डिश अँटेना, वाळत घातलेली चादर, केबलची लोंबती वायर, कठड्यावरची कुंडी, एवढ्यावरही एका पॅनलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. कोकणात नारळाची झावळी हा त्याहून मोठा प्रश्न. तिची सावली तर पडतेच, शिवाय वरून नारळ पडला तर काच वाचत नाही. झाड वाचवायचं असेल तर पॅनल दुसऱ्या बाजूला न्या.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. दक्षिण मिळत नसेल तर पूर्व-पश्चिम चालतं, उत्पन्न थोडं कमी होतं. उतार १० अंशांखाली नेऊ नका. पाणी खालच्या कडेला साचतं, धूळ तिथे थापून बसते आणि तळच्या सेलच्या रांगेवर कायमची पट्टी तयार होते.

दरपत्रकात काय लिहून घ्यायचं

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यापुढे कितीही मोठी सिस्टिम बसवली तरी आकडा ७८,००० वरच थांबतो. पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतला जो आकडा लहान, त्यावर अनुदान निघतं. म्हणून ५४० ची पाचच पॅनल लावलीत तर बेरीज २.७ किलोवॅट होते आणि अनुदान ७२,६०० वर येतं. सहावं पॅनल लावा. ३.२४ किलोवॅटची पॅनल ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर खुशाल चालतात, कारण उष्णता आणि धुळीमुळे पॅनल आपला पूर्ण आकडा क्वचितच देतात.

अनुदानासाठी पॅनलमधली सेलही भारतात बनलेली असावी लागते. बाजारात त्याला ‘डीसीआर पॅनल’ म्हणतात. ती थोडी महाग असतात. कुणी फारच स्वस्त भाव दिला तर पहिला प्रश्न हाच विचारा, आणि दरपत्रकावर ‘डीसीआर’ लिहून घ्या.

बसवणारा व्हेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी केलेलाच हवा. दोन-तीन दरपत्रकं मागवा आणि त्यांत या गोष्टी नावानिशी येऊ द्या : पॅनलची कंपनी, मॉडेल आणि वॅट, इन्व्हर्टरचं मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं, सांगाड्याच्या पाइपची जाडी आणि जस्ताचा थर किती मायक्रॉन, डीसी (पॅनल ते इन्व्हर्टर) आणि एसी (इन्व्हर्टर ते मीटर) वायर किती चौरस मिलिमीटर, अर्थिंग किती, वीज अटकाव सळई (आकाशातली वीज जमिनीत नेणारी) आहे का, नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगळी मोजणाऱ्या मीटरचा, खर्च कुणाचा. ‘३ किलोवॅट संपूर्ण सेट, अमुक लाख’ असं एका ओळीचं दरपत्रक परत करा. त्या एका ओळीतच सगळी काटकसर दडलेली असते, आणि ती होते सांगाड्यात आणि वायरीत, कारण तिथे कुणी पाहत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. थोडी रक्कम आधी, मोठी रक्कम माल गच्चीवर आल्यावर, आणि निदान दहा टक्के नेट मीटर लागून पहिलं बिल आल्यावर. योजनेखाली व्हेंडरनं पाच वर्षं देखभाल करायची असते, ती करारात स्पष्ट हवी.

अर्ज

पीएम सूर्यघर पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. मोबाइल स्वतःचाच द्या. व्हेंडरचा दिलात तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठवर आला ते तुम्हाला कळत नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक तपासणीसाठी वेगळं थांबावं लागत नाही, मंजुरी गृहीत धरली जाते. मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट, बिलावर छापलेले असतात) कमी असेल तर तो वाढवण्याचं कामही वीज कंपनीकडेच असतं. कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत विनातारण कर्जाची सोय याच पोर्टलवरून मिळते. मंजुरी दिसल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

सांगाडा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सोलरचे सगळ्यांत महागडे अपघात इथेच होतात. पॅनल म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं पंख. वारा वरून दाबतो त्यापेक्षा खालून उचलतो जास्त. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी ३९ मीटर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते कोकणानं पाहिलंय. १७० किलोची सहा पॅनल नुसत्या वजनावर बसून राहतील अशी समजूत कुणी घालत असेल तर ऐकू नका.

पाय दोन पद्धतींनी रोवतात. पहिली, गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणं. एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाचा ठोकळा साधारण ६५ ते ७० किलोचा होतो. गच्ची न फोडता काम होतं, पण ठोकळा कोब्यावर नुसता ठेवलेला नको; पृष्ठभाग टोचून, सिमेंटची स्लरी मारून त्याला पकड द्यावी लागते. दुसरी, स्लॅबमध्ये भोक पाडून केमिकल अँकरने सळई बसवणं. पकड उत्तम, पण भोक वॉटरप्रूफिंगमधून जातं. पुढच्या जूनमध्ये खालच्या खोलीत ओल आली की त्याचं मूळ इथेच सापडतं. भोक पाडलंच तर अँकर भरल्यावर प्लेटभोवती सीलंट आणि वर सिमेंटचा गोल उतरता गोळा हवाच. सहा ते आठ फूट उंच सांगाडा हवा असेल, म्हणजे खाली गच्ची वापरता येईल, तर पाय जास्त, पाइप जाड आणि तिरके आधार सक्तीचे. उंची वाढली की खर्चही वाढतो. पत्र्याच्या छपरावर रबरी वॉशर असलेल्या स्क्रूंनी पट्ट्या थेट पन्हळीच्या उंच भागावर, खालच्या पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या आधारात) घुसतील अशा बसवतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र चढूच नका. तो माणसाच्या वजनानं फुटतो.

लोखंड ‘हॉट डिप’ पद्धतीनं, म्हणजे तयार सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा. थर ८० मायक्रॉनचा मागा. स्वस्तात आधीच जस्त चढवलेले पाइप आणून गच्चीवर वेल्डिंग करतात. वेल्डिंगनं जस्त जळतं, वर चंदेरी रंग फासतात, आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज सुरू होतो. समुद्राजवळ तर पहिल्याच वर्षी. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

पॅनल क्लॅम्पनं धरायचं असतं, आणि क्लॅम्प लांब बाजूच्या टोकापासून दीड ते पावणेदोन फुटांवर येतो. नेमकं माप पॅनलच्या माहितीपत्रकात असतं. दोन पॅनलांत बोटभर फट आणि गच्चीपासून निदान एक फूट उंची ठेवा. हवा खेळली पाहिजे. पॅनल २५ अंशांवर जितकी वीज देतं त्यापेक्षा तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के कमी देतं. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर गेलं तर १४ टक्के तिथेच गेले. बसवताना कुणी पॅनलवर पाय देऊन उभा राहिला तर त्याला लगेच उतरवा. काच तडकत नाही, पण आतली सेल केसाएवढ्या भेगांनी फुटते आणि ते वर्षभरानं उत्पन्नात दिसतं.

वायर, डबे आणि अर्थिंग

सहा पॅनल एकामागे एक जोडली की साधारण ३०० व्होल्ट डीसी तयार होतात. ऊन आहे तोवर ते बंद करायचं बटण नाही. डीसीचा ठिणगीझोत घरातल्या एसीसारखा आपोआप विझत नाही, म्हणून चालू सिस्टिममधला एमसीफोर जोड (पॅनलच्या वायरी एकमेकींत अडकवणारा प्लग) कधीही ओढून काढायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वायर तोडणारा स्विच), मगच जोड. हे काम परवानाधारक माणसाचंच. घरमालकानं पाहायच्या गोष्टी खाली देतो.

डीसी वायर ४ चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची खास सोलर वायर हवी. साधी घरगुती वायर उन्हात तीन-चार वर्षांत कडक होऊन तडकते. एमसीफोर जोड त्याच्या क्रिंपिंग पकडीनंच दाबलेले आणि दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे असावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे एकमेकांत बसतात, पण पकड सैल राहते, जोड तापतो आणि वितळतो. छतावरच्या आगी बहुधा अशाच जोडांतून सुरू होतात. जोड गच्चीवर लोळत नको, पॅनलच्या खाली सांगाड्याच्या पट्टीला बांधलेला हवा.

पॅनलकडून येणारी वायर डीसी डब्यात येते; तिथे फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा). मग इन्व्हर्टर, मग एसी डबा. तिथे एमसीबी आणि दुसरा सर्ज प्रोटेक्टर. ३ किलोवॅटला एका फेजवर १३ अँपिअर येतात, त्याला २० अँपिअरची एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर चालते. मीटर लांब असेल तर ६ ची घ्या. बारीक वायरीचा त्रास अनपेक्षित जागी होतो : वीज बाहेर ढकलताना इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि भर दुपारी, ऐन उन्हात, ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून तो बंद पडतो.

इन्व्हर्टर सावलीतल्या भिंतीवर, चारी बाजूंनी फूटभर मोकळी जागा ठेवून लावा. त्याला गच्चीच्या उन्हात टांगलं तर तापून तो स्वतःची क्षमता कमी करतो.

अर्थिंग तीन, वेगवेगळ्या खड्ड्यांत : एक सांगाडा आणि पॅनलच्या चौकटींसाठी, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी, एक फक्त वीज अटकाव सळईसाठी. खड्ड्यांत निदान ३ मीटर अंतर. सळईची पट्टी भिंतीवरून सरळ खाली जावी आणि सांगाड्याला कुठेही चिकटू नये, नाहीतर विजेचा लोळ थेट पॅनलांत उतरतो. अर्थ टेस्टरनं मोजून ५ ओहमच्या आत आकडा दाखवायला सांगा. खडकाळ जमिनीत तो सहज येत नाही. खड्डा खोल करावा लागतो किंवा दुसरी सळई जोडावी लागते. एकच खड्डा करून तीन पट्ट्या त्यात सोडणं ही सर्रास दिसणारी चलाखी आहे. खड्डे भरायच्या आधी स्वतः उभे राहून मोजा.

चालू करण्याआधी

वायर इन्व्हर्टरला जोडण्याआधी मल्टिमीटरनं डीसी व्होल्टेज मोजायला लावा. उन्हात ते २७० ते ३०० च्या दरम्यान यावं. शून्य आलं तर कुठला तरी जोड नीट बसलेला नाही. ४५-५० कमी आलं तर एक पॅनल साखळीतून सुटलंय. १५-१६ च कमी असेल तर एखाद्या पॅनलचा डायोड गेलेला असण्याची शक्यता आहे. धन-ऋण बरोबर आहे हेही त्याच वेळी पाहा. पॅनलांच्या मागचे अनुक्रमांक लिहून फोटो काढून ठेवा. पोर्टलवर लागतात आणि वॉरंटीलाही.

इथे एक सक्त सूचना. नेट मीटर बसेपर्यंत सिस्टिम चालू ठेवू नका. ते नियमात बसत नाही, आणि वर तोटाही होतो. अनेक जुने इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेनं जाते ते ओळखत नाहीत. तुम्ही बाहेर पाठवलेली युनिटही ते वापरात धरतात आणि बिल उलट वाढतं.

काम पूर्ण झाल्याची माहिती पोर्टलवर भरली की महावितरणची तपासणी होते, नेट मीटर बसतो, चालू झाल्याचा अहवाल निघतो. मग बँकेचा तपशील भरायचा आणि अनुदान खात्यात येतं.

पहिलं बिल बारकाईनं वाचा. घेतलेली युनिट आणि दिलेली युनिट वेगळी छापलेली दिसली पाहिजेत. दिलेली युनिट शून्य दिसत असतील तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगला पोचलेली नाही. मीटरचा फोटो घेऊन उपविभाग कार्यालयात लगेच तक्रार द्या. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि हिशेब ३१ मार्चला बंद होतो.

रोजच्या वापरातलं

वीज गेली की हे सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि ते आधीच ठरवायला हवं.

पावसाळा सोडून दर दहा-पंधरा दिवसांनी पॅनल धुवा, सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. मऊ कापड किंवा स्पंजचा दांडा, साबण पावडर नको. बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचा पांढरा थर राहतो, तो नंतर निघत नाही; नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

इन्व्हर्टरच्या ॲपवर रोजची युनिट दिसतात. महिन्याची बेरीज वहीत लिहून ठेवा. ३ किलोवॅटला मार्च-एप्रिलमध्ये रोज १३-१४ युनिट यायला हवीत. जुलैत कोकणात ती निम्म्यावर आली तरी घाबरू नका. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. धुतल्यानंतरही दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर आधी नवी सावली शोधा, शेजारी वाढलेलं झाड किंवा नवी टाकी. ती नसेल तर जोड आणि डायोड तपासायला व्हेंडरला बोलवा. पाच वर्षांच्या आत असाल तर ते त्याचं काम आहे.